न पेललेले नाव

"नाही सांगणार," पाईनेम उशीवरूनच म्हणाली. "त्या नावानं तुला मरणाच्या दारात नेलं होतं."

"यू, मी एकाहत्तर वर्षांचा झालो," वालुयो त्याच्या 'यू'ला, म्हणजे थोरल्या बहिणीला, म्हणाला. "आता काय व्हायचंय?"

"तेव्हा निस्तरायला आई तरी होती."

जन्मतः ठेवलेले नाव त्याला जड झाले होते. सात महिने ताप हटेना, तेव्हा जाणत्यांनी ते उतरवायला सांगितले. शेजाऱ्यांना लाल-पांढरी खीर वाढून 'वालुयो', म्हणजे बरा झालेला, हे हलके नाव ठेवले गेले. जुने पुन्हा कुणी उच्चारले नाही. ते ऐकलेल्यांपैकी आता पाईनेम एकटीच उरली होती.

साखर कारखान्यात चाळीस वर्षे बॉयलर सांभाळताना वालुयोला त्या नावाची आठवणही झाली नाही. पुढे बायको गेली, मुलगा समुद्रापलीकडे कालिमंतानला स्थायिक झाला, आणि घरात त्याला हाक मारणारे कुणी राहिले नाही.

"कुठून आणलं होतं बाबांनी?"

"छायाबाहुल्यांच्या खेळातून. राजाचं नाव! छाती फुगवून हाक मारायचे. आणि तू? पपईएवढा!"

"एकदाच म्हण, यू."

"मग उद्या खीर कर, रीतीनं. मी चाखेन, मग सांगेन. बॉयलरसारखी पेटवू नकोस म्हणजे झालं."

सकाळी त्याने तांदूळ, नारळाचे दूध आणि ताडगूळ मापून घेतले. लाल खीर तळाशी किंचित लागली. तशीच नेता आली असती. पण चुकलेले काम पुढे पाठवण्याची त्याला सवय नव्हती. त्याने ती ओतून दिली आणि पुन्हा रांधली.

दुपारी पाईनेमच्या दारातच भाची वार्सिनी भेटली. "मामा, किती उशीर! आई दहापर्यंत बोलत होती. दोनदा विचारलं, आला का म्हणून. मग वाचाच गेली."

त्याने चमच्याच्या टोकाने खीर पाईनेमच्या ओठांना लावली. तिने ती चाखली. त्याच्याकडे पाहत ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले. मग गोल केले. आवाज आला नाही.

"पुन्हा, यू."

तिने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी, रीतीप्रमाणे, त्याने उरलेली खीर शेजारी वाढली.

"कुणाचं हो नाव ठेवलंत?" शेजारणीने हसून विचारले.

वालुयोने ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले. मग गोल केले.

"काय म्हणालात?"

"गार होतेय," तो म्हणाला. "खाऊन घ्या."