गोठ्यातला सत्यनारायण

माळव्यात, नालछ्याच्या पुढच्या एका खेड्यात यशवंतरावांनी पिठाची नवी चक्की बसवली आणि सत्यनारायण झाल्याशिवाय दाणाही दळायचा नाही, असं जाहीर करून टाकलं. पण त्यांचे चिंतामणी गुरुजी राहायचे देवासला. त्यातून गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बसमध्ये चढायची सोय नाही.

“व्हिडिओ कॉलवर सांगतो, तुम्ही करत जा,” गुरुजी म्हणाले.

आता गावात नेटवर्कची तऱ्हा अशी, की ते आलंच तर यशवंतरावांच्या गोठ्यात, गव्हाणीपाशी यायचं. मग काय, गोठा सारवला, चौरंग मांडला, म्हैस पलीकडे बांधली. सूनबाई शिखाने फोन खुंटीला टांगला. ती हिंदी शाळेत शिकलेली. सासऱ्यांचं मराठी तिला निम्मंच कळायचं.

संकल्प झाला, गणपतिपूजन झालं, आणि गुरुजींचा चेहरा तोंड उघडं ठेवून स्क्रीनवर थिजला. आवाज तेवढा येत राहिला.

“आता एक पाय वर घे.”

यशवंतराव चपापले. पण सोवळं सावरत एका पायावर उभे राहिले.

“बाबूजी, ये भी पूजा में है क्या?” शिखाने विचारलं.

“जुना विधी आहे. तुला नाही कळायचा.”

“अहो, पण गुरुजी तुम्हाला अरे-तुरे कधीपासून करायला लागले?” नर्मदाबाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं.

“संचार झाला असेल. गप्प बस!”

तेवढ्यात फोन कडाडला, “ते मागे लोंबतंय ना, ते शेपूट धर!”

यशवंतरावांनी गोठाभर नजर फिरवली. शेपूट एकच होतं. लंगडी घालत ते म्हशीपाशी गेले आणि देवाचं नाव घेऊन त्यांनी ते धरलं.

“घाबरू नकोस. ओढ जोरात!”

त्यांनी ओढलं. म्हशीने अशी गिरकी घेतली, की यजमान कडब्याच्या ढिगात आणि दावं तोडून म्हैस चौरंगापाशी. नेमकं तेव्हाच चित्र हललं. गुरुजींना समोर दिसली म्हैस, केळीचा खांब चघळणारी.

“यजमान कुठे गेले?”

“इथे आहे!” कडब्यातून आवाज आला. “तुम्हीच म्हणालात, शेपूट ओढ!”

“अहो, ते मी वायरवाल्या पोराला, रणवीरला सांगत होतो! शिडीवर चढून वायर ओढतोय तो आमच्याकडे!”

नर्मदाबाईंनी पदर तोंडात कोंबला. शिखा तर हसत हसत गव्हाणीला टेकली. यशवंतराव घटकाभर फुगून बसले, मग कानातली काडी काढताना त्यांनाही हसू फुटलं.

गुरुजींना मात्र चैन पडेना. पुढच्या रविवारी जीप करून, गुडघा सांभाळत ते स्वतः आले. घरात पूजा मांडली.

“पळी हातात घ्या,” ते म्हणाले.

यशवंतरावांनी हात मागे घेतला. “हे मलाच ना, गुरुजी?”

प्रत्येक सूचनेला त्यांनी तेच विचारलं. चक्की सुरू व्हायला दिवेलागण झाली, आणि प्रसादाचा शिरा सगळ्यांनी गारच खाल्ला.