डमी अर्ज

पंचांग उघडल्याशिवाय आमदार विश्रामराव तळगावकर घराचा उंबरासुद्धा ओलांडत नसत. लग्न मुहूर्तावर, डोंबिवलीतल्या ब्लॉकचा ताबा मुहूर्तावर, दाढ काढली तीही मुहूर्तावर. फक्त ती तोपर्यंत आपणहून पडायला आली होती. १९८५ साली त्यांनी निवडणुकीचा अर्ज असाच घटिका बघून भरला आणि निवडून आले. समोरच्या उमेदवाराने वेगळ्या ज्योतिषाकडे जाऊन तीच घटिका काढून आणली होती आणि तो पडला होता, ही गोष्ट ते कधी विचारात घेत नसत.

विधानसभेत ते संस्कृतीचे आमदार म्हणून ओळखले जात. रस्ते आणि गटारांवर बोलायला बाकीचे दोनशे सत्याऐंशी होतेच. विश्रामरावांनी एकतीस डिसेंबरच्या नाचगाण्यांवर लक्षवेधी सूचना आणली, दूरदर्शनवर बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या ब्लाउजच्या बाह्यांवर तारांकित प्रश्न विचारला आणि बायकांना नगरपालिकेत राखीव जागा देण्याच्या विरोधात चाळीस मिनिटं बोलले. त्या भाषणाची कात्रणं त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावली होती. मोहने गावात नव्या नळाचं उद्घाटन त्यांनी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी केलं. तोटी फिरवल्यावर फुसकन हवा आली. विश्रामरावांनी शांतपणे नारळ फोडला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आलं, म्हणजे पंचांगाप्रमाणे अगदीच चुकीच्या वेळी.

ते अधिवेशनाला गेले की लोक घरी येत. मग त्यांची पत्नी कलावतीबाई भाजी निवडता निवडता सगळ्यांचं ऐकून घेत, आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवत आणि साहेबांचा कार्यकर्ता दौलत याला ते कागद देऊन संबंधित कचेरीत पिटाळत. बहुतेक कामं होत. विश्रामराव परत आल्यावर लोक त्यांचे आभार मानायला येत आणि ते आभार स्वीकारत. कशाबद्दल, हे विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

१९९५च्या जानेवारीत तिसऱ्यांदा उमेदवारी मिळाली, पण जिल्हाध्यक्षांनी नौपाड्याच्या पक्षकार्यालयात बोलावून बजावलं, की मागच्या वेळी अकराशे मतांनी आलात, या वेळी जागा गेली तर पक्षाला तुमची गरज राहणार नाही. विश्रामरावांनी जबाबदारीने मान हलवली आणि ज्योतिषाकडे गेले. ज्योतिषाने शेवटच्या दिवसाचा, गुरुवारचा, दुपारी एक वाजून दहाचा मुहूर्त काढून दिला. दीडला राहुकाळ लागत होता, तेवढं सांभाळा म्हणाला.

आता प्रत्येक पक्षाची एक रीत असते. मुख्य उमेदवाराचा अर्ज काही कारणाने बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून आणखी एकाचा अर्ज भरून ठेवायचा. त्याला डमी म्हणतात. डमी निवडणं फार नाजूक काम, कारण माणूस लायक हवा पण त्याला तसं वाटता कामा नये. दौलतचं नाव पुढे आलं होतं. पण हल्ली तो इस्त्रीचे कपडे घालू लागला होता, म्हणून विश्रामरावांना शंका आली. शेवटी त्यांनी पत्नीचंच नाव घातलं. यापेक्षा सुरक्षित डमी सबंध ठाणे जिल्ह्यात मिळाली नसती.

मिरवणूक ठाण्याच्या कचेरीत बरोबर वेळेवर पोचली. एक वाजून दहाला विश्रामरावांनी आपला अर्ज, आणि त्याखाली सोबत आलेल्या पत्नीचा, निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात ठेवला आणि डोळे मिटले. अधिकारी सावकाश माणूस होता. त्याने पानं तपासली, मतदारयादीतला क्रमांक पडताळला, चष्मा पुसला आणि शपथेचा कागद पुढे केला. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

विश्रामरावांनी कागदाला हात लावला नाही. ईश्वरसाक्ष शपथ, आणि ती राहुकाळात? उद्या छाननी अकराला आहे ना, मग साडेनऊला येऊन घेतो, असं त्यांनी सांगितलं.

"साहेब, शपथ आजच घ्यावी लागते," अधिकारी म्हणाला. "हवं तर संध्याकाळी या. मी सातपर्यंत बसलोय. उद्या चालणार नाही."

विश्रामराव त्याच्याकडे बघून हसले. दहा वर्षांत त्यांनी किती अधिकाऱ्यांच्या तोंडून 'चालणार नाही' ऐकलं होतं, आणि नंतर ते सगळंच चाललं होतं. शिवाय संध्याकाळी नौपाड्यात त्यांचा सत्कार होता. डमीची शपथ मात्र उरकून घ्या, असं त्यांनी उदारपणे सांगितलं. डमीला राहुकाळ कसला. कलावतीबाईंनी पदर सारखा केला, कागद एकदा मनात वाचला आणि मग स्वच्छ आवाजात शपथ घेतली. त्यांना चष्माही लागला नाही.

शुक्रवारी विश्रामराव साडेनऊला आले, अंघोळ करून, गंध लावून, आणि त्यांनी शपथ घेतली. अकराला विरोधी उमेदवाराच्या वकिलाने उभं राहून एवढंच दाखवलं, की कायद्याप्रमाणे शपथ छाननीच्या तारखेच्या आधी हवी. छाननीच्या तासाच्या आधी नव्हे. अधिकाऱ्याने पुस्तक उघडलं, वाचलं, दिलगिरीने मान हलवली. तळगावकर विश्राम धोंडो, अर्ज नामंजूर. तळगावकर कलावती विश्राम, अर्ज मंजूर.

विश्रामरावांनी जिल्हाध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष म्हणाले, चिन्ह आपोआप वहिनींकडे जाईल, तुम्ही फक्त त्यांना निवडून आणा. न आणल्यास काय, ते पुन्हा सांगितलं नाही.

घरी आल्यावर विश्रामराव पाट घेऊन बसले, पण जेवले नाहीत. कलावतीबाईंनी ताक वाढलं.

"अगं, आता काय करायचं?"

"उभं राहायचं," त्या म्हणाल्या. "शपथ घेतलीय मी. तुम्ही जेवा आधी."

प्रचार सुरू झाला आणि दुसऱ्याच सभेत एक अडचण निघाली, जी कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. तळगावकरांच्या घराण्यात नवरा बायकोचं नाव तोंडाने घेत नाही. विश्रामरावांच्या वडिलांनी घेतलं नव्हतं, आजोबांना तर ते माहीत होतं की नाही याबद्दल मतभेद होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला अगं, ऐकलंस का आणि खोकला एवढ्यावर हाक मारली होती. त्यामुळे भाषण रंगात येई, विकास होई, संस्कृती होई, आणि शेवटी विश्रामराव म्हणत, "म्हणून आपण सर्वांनी आमच्या घरातून जे उभे आहेत त्यांना प्रचंड मतांनी..." लोक एकमेकांकडे बघत. पत्रकंही त्यांनी 'सौ. विश्रामराव तळगावकर' अशीच छापून घेतली होती. विरोधकांनी गावभर उठवलं, की यांच्या उमेदवाराला नावच नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर पोरं खोकून दाखवायला लागली.

दौलतने हिशेब मांडून सांगितलं. "साहेब, शहरात बरोबरी आहे. आता खाडीकाठचे कोळीवाडे जिकडे जातील तिकडे जागा. आणि तिकडे लोक तोंडावर विचारतात."

कोळीवाड्यातली सभा प्रचाराच्या शेवटच्या रविवारी होती. होड्या ओढून ठेवल्या होत्या तिथेच मंच. पुढे सगळ्या बायका, आणि त्यांच्या पुढे मनुबाई. ही डोंबिवलीच्या बाजारात मासळी विके आणि तिचा आवाज स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर ऐकू जाई. कलावतीबाई मंचावर बसून तिच्याकडे बघून हसल्या. दोघींची ओळख जुनी होती. मनुबाईच्या घराच्या दाखल्याचा अर्ज एका लग्नपत्रिकेच्या पाठीवरूनच पुढे गेला होता.

विश्रामराव बोलले, छान बोलले, आणि त्याच वळणावर आले. "म्हणून आमच्या घरातून जे..."

"थांब रं आमदार," मनुबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "घरातून कोन? मांजर पन घरातूनच येतं. बायकोचा नाव काय?"

सगळा कोळीवाडा हसला. विश्रामराव थांबले. ज्योतिषाने याबाबत काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मागे पाहिलं. कलावतीबाईंनी त्यांना वाचवलं नाही. त्या इतरांसारख्याच, जरा उत्सुकतेने, त्यांच्याकडे बघत होत्या. सत्तावीस वर्षांत त्यांनी तरी ते नवऱ्याच्या तोंडून कुठे ऐकलं होतं?

"नुसतं नाव आमच्याकडे घेत नाहीत," विश्रामराव माइकमध्ये हळूच म्हणाले.

"मग उखाना घे," मनुबाई म्हणाली. "लग्नात घेतलास ना? घे, आमी थांबतो."

लग्नात तरी कुठे घेतला होता! तेव्हा ते घास भरवताना लाजून पाणी प्यायला उठले होते. पण समोर चारशे बायका थांबल्या होत्या आणि त्या खरोखरच थांबणार होत्या. विश्रामरावांनी घसा साफ केला, टोपी सरळ केली. विधानसभेत कधी फुटला नव्हता एवढा घाम त्यांना फुटला.

"ठाण्याला कचेरी... खाडीला भरती..." ते म्हणाले आणि अडले. मग एकदम, घाईघाईने, डोळे मिटून, "अर्ज माझा बाद झाला, उभी कलावती!"

जे झालं त्याला टाळ्या म्हणणं कमी होईल. बायका उठून उभ्या राहिल्या, कोणीतरी होडीवर थाळी बडवली. विश्रामरावांनी डोळे उघडून मागे पाहिलं, तर बायको लाल झाली होती. लाल झालेली ती फार बरी दिसते, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि हे आजवर पंचांगात कसं नव्हतं याचं त्यांना नवल वाटलं.

आता बाईंनीही नाव घ्यावं, असा गलका झाला. कलावतीबाई माइकजवळ आल्या.

"यांचं नाव दहा वर्षं तुम्ही सगळ्यांनी घेतलंय," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या होड्यांच्या धक्क्याचं बोलू. पायऱ्या चार तुटल्यात की पाच?"

"सहा!" मनुबाई म्हणाली.

कलावतीबाईंनी पिशवीतून एक पत्रिका काढून पाठीवर सहा लिहिलं.

मतमोजणीत त्या साडेनऊ हजारांनी आल्या. जिल्हाध्यक्ष हार घेऊन आले, आणि पक्षाने हे पाऊल किती विचारपूर्वक उचललं होतं ते त्यांनी वार्ताहरांना समजावून सांगितलं. विश्रामराव शेजारी उभे राहून मान हलवत होते.

पहिल्या अधिवेशनाला आमदार तळगावकर मुंबईला गेल्या, दौलतही बॅग घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मनुबाई होती, टोपली बाहेर ठेवून आत आली आणि जमिनीवर ऐसपैस बसली. बाई नाहीत, असं विश्रामरावांनी सांगितलं.

"माहीत हाय. तू हाईस ना. लिही."

विश्रामरावांनी इकडे तिकडे पाहिलं, कपाटावरून एक लग्नपत्रिका घेतली, उलटी केली. मनुबाई सांगत गेली: धक्क्याला दिवा नाही, बाजारातल्या ओट्यावर पाणी साचतं, पुतण्याचा जातीचा दाखला तहसीलदाराकडे चार महिने पडून आहे. ते लिहीत गेले. बऱ्याच दिवसांनी लिहीत होते, अक्षर जरा तिरकं येत होतं.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

त्यांनी वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी चुका काढल्या. विश्रामरावांनी त्या खोडून नीट लिहिल्या, आणि मग तिला चहा विचारला.