कंदीलवालीचा शेवट

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. खिडकीचा पडदा वाऱ्यावर डुलला की लोकांना बरं वाटतं. मला वारा लागला की नायिकेचं नाक वाकडं होतं आणि लोक शिट्ट्या मारतात. म्हणून मला चारी बाजूंनी दोर बांधून ताणून ठेवत. स्वस्थपणा म्हणजे काय, ते मला जन्मात कळलं नाही.

चांद्याच्या बाजारातून जाड मांजरपाट आणून एका शिंप्याने मला जोडलं. काठाला काळी पट्टी शिवली, तिच्यात पितळी कड्या बसवल्या. अंगावर खडूची भुकटी आणि सरस फिरवला. वाळता वाळता मला वाटलं, एवढा पांढराशुभ्र मी, आता एखाद्या देवळात लागणार. लागलो मात्र नागभीडच्या स्टेशनाजवळ, धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात, गुणवंतरावांच्या तंबू टॉकीजमध्ये.

धान घरात आलं की आमचा तंबू उभा राही आणि मिरगाच्या आधी उतरे. मधल्या काळात बैलगाडीवर लादून आम्ही सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी करून यायचो. लोक तणशीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसत. पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे, मध्ये बांबूचा तट्टा. पाठीमागे इंजिन धडधडे आणि मुखरू सिनेमाचं मशीन चालवी. माझ्या अंगावर काळ्यापांढऱ्या उजेडात पाऊस पडे, लग्नं लागत, घरं जळत. लोक रडत, हसत आणि घरी जात. माझ्याकडे कोणी पाहत नसे; सारे माझ्यावरचं पाहत. मी मात्र सगळ्यांचे चेहरे पाहत होतो.

त्या चेहऱ्यांत एक चेहरा रुखमाचा. ती मुखरूची मोठी बहीण. तंबूच्या दारात फुटाणे-मुरमुऱ्यांची टोपली घेऊन बसे. खेळ सुरू होऊन गर्दी आत गेली की टोपलीवर फडकं टाकून तीही बायांच्या बाजूला येऊन टेके. पण शेवट जवळ आला की ती उठे. लोक बाहेर पडतील, त्याआधी टोपलीशी पोचायला हवं ना! अशी ती कितीतरी वर्षं सिनेमे पाहत आली, पण एकाचाही शेवट तिने पाहिला नव्हता. हे फक्त मला ठाऊक होतं.

तिचा नवरा झाडू बल्लारपूरच्या कोळसा खाणीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. तिकडे त्याने दुसरा संसार थाटल्याची खबर आली. रुखमाने ती ऐकली आणि चुलीवर फुटाण्यांची कढई चढवली.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात एक सिनेमा आला. त्यातली बाई परदेशी गेलेल्या नवऱ्यासाठी रोज तिन्हीसांजेला दारात कंदील लावते. गावात सारे त्या सिनेमालाच ‘कंदीलवाली’ म्हणू लागले. रुखमा तो रोज पाहायला येई. एरवी पदराला हात पुसत, इकडेतिकडे बघत बसणारी ही बाई त्या दिवसांत पापणी हलवत नसे.

आमच्याकडे एक रीत होती. हंगाम सरताना, खेळ सुरू व्हायच्या आधी गुणवंतराव माझ्यासमोर उभे राहत आणि विचारत, “सांगा, यंदाचा एक नंबर कोणता?” जो एक नंबर ठरेल तो सिनेमा पुढच्या हंगामात पहिल्या दिवशी लागे. त्यावरून असा कालवा उठे की माझे दोर थरथरत. सगळ्यांत मोठा आवाज नथ्थूचा. तो स्टेशनावर रुळांचे सांधे बदलायचं काम करी. रेल्वेत असल्याने त्याचं मत वजनदार, असं त्याला वाटे.

“एक नंबर होडीवाला!” नथ्थू त्या वर्षी ओरडला. “होडी बुडते तवा मी सोता गुदमरलो! बाकी सारे त्याच्यापुढं पाणी भरतेत.”

“काऊन गा नथ्थूभाऊ?” नंबर ऐकायला त्या दिवशी लवकर आत आलेली रुखमा तट्ट्याच्या पलीकडून उभी राहिली. “बुडाले तर कोणालेही येते. एक नंबर कंदीलवालीच! बाई इतके साल वाट पाह्यते, अन् शेवटी एक दिवस सोताच कंदील इझवते, दार लावते अन् आपल्या कामाले चालली जाते. असा शेवट कोण्या सिनेमात आहे?”

साऱ्या माना तट्ट्याकडे वळल्या. मग नथ्थू हसू लागला.

“कोणता सिनेमा पाह्यला बाई तुमी? शेवटी नवरा वापस येते! ती त्याचे पाय धुते, कंदिलाच्या उजेडात! आँ? शेवट न पाह्यताच नंबर देऊन राह्यल्या?”

सारा तंबू हसला. बायाही हसल्या. रुखमाचा चेहरा मी पाहिला. तव्यावरून भाकरी उचलताना हात पोळावा, तसा तो झाला होता. ती बाहेर गेली. त्या दिवशी नंबर ठरलाच नाही. कालवा करणाऱ्यांचाच जीव कालव्यात लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखरू सिनेमाची पेटी बांधत होता. दुपारच्या गाडीने ती परत जायची होती. इतक्यात नथ्थू आला. त्याचे डोळे लाल होते. तो या खांबापासून त्या खांबापर्यंत नुसत्या येरझारा घालू लागला.

“मुखरू, पेटी बांधू नको. बाईले शेवट दाखव. मी हासलो तवापासून मले जेवण जाऊन नाई राह्यलं.”

मुखरूने मान डोलावली. त्याच्या मनात वेगळंच होतं. झाडूचा निरोप आला होता. खाणीच्या धुळीने त्याची छाती धरली होती, तिकडचा संसार मोडला होता, आणि आता तो रुखमाकडे परत यायचं म्हणत होता. ताईने होकार द्यावा, म्हणून मुखरू तिच्या मागे लागला होता. शेवट पाहून तरी तिचं मन वळेल, असं त्याला वाटलं.

रुखमाला बोलावून आणलं. कनाती आवळल्या, फटींत घोंगड्या कोंबल्या, इंजिन सुरू केलं. तरी दिवसाचा उजेड आत शिरतच होता. माझ्यावरचं चित्र फिकट, ताकासारखं पातळ दिसत होतं. रुखमा बसली नाही. चालत चालत अगदी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

नवरा आला. केस पिकलेले, अंगावर फाटका कोट. बाईने कंदील खाली ठेवला, तांब्या आणला, पाय धुतले आणि त्या पायांवर डोकं टेकलं. सनई वाजली. सिनेमा संपला.

“पाह्यलं ना ताई?” मुखरू म्हणाला. “अशीच रीत असते. भाऊजी येतो म्हणते. तूही...”

“त्या बाईले कोणी इचारलं का?” रुखमा म्हणाली.

“कोणत्या बाईले?”

“कंदीलवालीले. इतके साल कोठी होता, काऊन नाई आला, हे ती एका शब्दानं इचारत नाई. तिच्या तोंडात शब्दच नाई ठेवले. हा शेवट तिचा नोहे, मुखरू. हा येणाऱ्याचा शेवट आहे.” तिने माझ्यावर हात ठेवला. खडू तिच्या तळव्याला लागला. “थो आला तर येऊ दे. बिमार आहे, पाणी देईन, भाकर देईन. पण माह्या घरात आता त्याची जागा नाई. त्याले त्याच्या भावाकडं पोचवून दे.”

मुखरू पेटी बांधायला वळला. नथ्थू मात्र पुढे आला.

“बाई, खरं सांगतो, तुमचाच शेवट चांगला होता.”

“मले मालूम आहे,” रुखमा म्हणाली, आणि पदराला हात पुसून टोपलीकडे गेली.

त्या संध्याकाळी गुणवंतरावांनी पुन्हा विचारलं. नथ्थू उठला आणि म्हणाला, “एक नंबर कंदीलवाली. पण रुखमाबाईची!” मग त्याने तो शेवट तिच्यासारखा सांगितला. कोणी “वा” म्हणालं, कोणी “हे काय रीतीबाहेरचं” म्हणालं. बायांच्या बाजूला मात्र कोणी हसलं नाही.

मिरगाच्या तोंडावर झाडू आला. रुखमाने ओसरीवर त्याला जेवू घातलं, औषधाची सोय केली आणि मुखरूबरोबर भावाच्या गावी धाडून दिलं. गाव चार दिवस कुजबुजलं. रुखमालाही त्या दिवसांत चैन नव्हतं, असं मुखरू मला गुंडाळताना नथ्थूला सांगत होता. ती अंगणात उगीच फेऱ्या मारी, कढईतले फुटाणे करपत. पण तिने आपला शब्द बदलला नाही.

पुढच्या हंगामापासून ती प्रत्येक सिनेमा शेवटपर्यंत पाहू लागली. गिऱ्हाइकं बाहेर टोपलीपाशी तिची वाट बघत. मग त्यांच्यात उभं राहून ती ठरवून टाकी: हा शेवट पटला, हा नाही पटला. नथ्थू तिच्याशी भांडे, पण पूर्वीसारखा हसून नव्हे.

नंतर गावात पक्कं टॉकीज बांधण्याची बोलणी सुरू झाली आणि गुणवंतरावांचं माझ्यातलं लक्ष उडालं. एका वळवाच्या पावसात मी भिजलो, तसाच घडी करून धानाच्या कोठीमागे टाकला गेलो. घडी पडली तिथे मी विरलो. आता उंदीर माझा काठ कुरतडतात. रिकामं पडून राहणं मला सोसत नाही. कुठे इंजिनाचा आवाज आला की माझ्या कड्या वाजतात.

मित्रांनो, कापडाला ओलं असताना घडी घालू नका. वाळवा, सैल गुंडाळा, ऊन दाखवा. ते तुमच्या मुलांच्याही कामी येईल. आणि सिनेमांचे नंबर खुशाल लावा, घसा बसेपर्यंत भांडा. फक्त शेजारचं माणूस एखादी गोष्ट चुकीची सांगू लागलं, तर लगेच हसू नका. कदाचित ते सिनेमाची गोष्ट सांगतच नसेल.