उरलेला हरभरा

“आज डोळ्याला ते लावलंच नाय ताई?” गीताबाईने चहाचा कप पुढे केला.

अंबिकाच्या गळ्यातली दुर्बीण तशीच लोंबत होती. जायकवाडीचं पाणी मागे हटून उघड्या पडलेल्या गाळात गीताबाईचा हरभरा होता. म्हणजे, मागच्या रविवारी होता. आता निम्म्या रानात कातरल्यासारखे नुसते बुडखे राहिले होते आणि जागोजागी हंसांची हिरवट विष्ठा.

आठवडाभर छत्रपती संभाजीनगरात जन्ममृत्यूचे दाखले देणारी अंबिका थंडीची चाहूल लागली की दर रविवारी पैठणची पहिली एसटी पकडायची. कुणाची सही न लागणारं काहीतरी बघायला मिळे, हेच सुख. गेल्या रविवारी गीताबाई हंसांवर फटाका लावायला निघाली, तेव्हा अंबिकाने तिचा हात धरला होता. “मावशी, हिमालय ओलांडून आलेत हो. पाहुणे आहेत. टेकू द्या जरा.” मग स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन तिने ते जागेच्या पत्त्यासकट पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकलं. भरपूर बदाम आले.

“नंतरही हाकललं नाहीत?”

“तुम्हीच म्हन्लात पावणे हायेत. पावण्याला ताटावरून उठवतेत व्हय?”

“मलाबी हाकलू दिलं नाय हिनं,” पाइपाला चिंधी गुंडाळत तिचा नवरा कडुबा म्हणाला. “आमच्याकडचे पावणे निदान हात धुऊन बसतेत.”

“गप बसा हो. ताईला काय ठावं?”

ते अंबिकाला शिवीपेक्षा जास्त लागलं. “पुन्हा पेरता येईल ना?”

“वल सरली की आता. उरलाय तेवढा पदरात पडला तरी लई झालं.”

“मावशी, माझं...”

“साखर कमी पडली का?”

बांधावर जीप थांबली. ग्रुपमधली तीन-चार माणसं लांबलचक कॅमेरे घेऊन उतरली आणि अंबिकाकडे बघून त्यांनी अंगठे दाखवले. तेवढ्यात पाण्याकडून कॅंऽ कॅंऽ असा गलका आला. डोक्यावर काळे पट्टे मिरवणारा अख्खा थवा रानावर घिरटी घालून उरलेल्या हरभऱ्यात उतरला.

गीताबाई अर्धवट उठली. अंबिकाकडे बघितलं. आणि परत खाली बसली.

“आले बघा तुमचे,” ती म्हणाली.

अंबिकाने कप ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि धावत सुटली. “हाऽऽ! हैऽऽ! उठा! उठा म्हणते ना!” दाखल्याच्या खिडकीवर कधी न चढलेला आवाज गाळावरून घुमला.

“ओ मॅडम! पागल झाल्या का? काय करताय!” बांधावरून कुणीतरी ओरडलं.

थवा एकदम उठला. पंखांचा वारा तिच्या केसांना लागला, सावल्या पाठीवरून सरकत गेल्या. इतक्या जवळून त्यांना बघायला ती जन्मभर थांबली असती.

तिने मान वर केली नाही. रोपांवर पाय पडू नये म्हणून ती खाली बघतच धावत राहिली.