फुग्यामागची गाडी

"गुडघ्याचं काही ऑपरेशन वगैरे?" पायलटनं विचारलं.

"छे, छे," हॅलोबाई म्हणाल्या.

"झालंय की गं आजी! दोन्ही!" नात मध्येच किंचाळली. "स्टीलचे आहेत तिचे गुडघे. विमानतळावर टूं टूं वाजतात."

रांगेतली माणसं हसली. हॅलोबाईही हसल्या. न हसून करतात काय? समोर माळावर तो भलामोठा फुगा निम्मा उठून बसला होता, झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या हत्तीसारखा. खाली वेताची टोपली होती, छातीएवढ्या उंचीची.

"मग नाही जमायचं, बाई," पायलट म्हणाला. माणूस भला होता, टोपी काढून बोलत होता. "उतरताना टोपली आपटते. कधी आडवीही पडते. गुडघे वाकवून दणका झेलावा लागतो. तुमचे वाकतील, पण परत सरळ होतील याची खात्री मला नाही."

"आई, तू फॉर्मवर काय लिहिलं होतंस?" मुलानं विचारलं.

"फॉर्मवर 'प्रकृती' एवढंच होतं. मी 'उत्तम' लिहिलं."

"मग मी थांबते आईंबरोबर," सून म्हणाली. मनापासून म्हणाली, पण तिचा एक पाय तेव्हा टोपलीच्या खाचेत होता.

"तू कशाला थांबतेस? आलेली माणसं जा वर. मला वरून हात करा म्हणजे झालं."

शेवटी पायलटनंच तोड काढली. फुग्याला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. वारा नेईल तिकडे जायचं आणि सापडेल तिथं उतरायचं. म्हणून त्याच्यामागे खालून गाडी पळत असते, माणसांना आणि फुग्याला परत आणायला. त्या गाडीत पुढच्या सीटवर बाईंनी बसावं. खालूनही सगळं दिसतं.

खालून सगळं दिसतं, हे हॅलोबाईंना कुणी नव्यानं सांगायला नको होतं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. या भोकातली दोरी त्या भोकात, आणि या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशी बोलू लागे. बाळंतपणं, बदल्या, भांडणं, मयती, सगळं त्यांच्या बोटांतून गेलं आणि बोटांना काही लागलं नाही. गल्लीनं त्यांचं नाव हॅलोबाई पाडलं, ते खऱ्या नावाच्या वर साय धरावी तसं धरून बसलं. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी शिकवलं होतं: दोन्हीकडून आवाज आला की ऐकायची कळ वर करून आपला कान बंद करायचा. जोडून दिलं की आपण तिथं नाही.

आता एक्स्चेंज नव्हतं, नवरा नव्हता. भाड्याची एक खोली होती, अडतीस वर्षांची. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मुलाचा फोन आला होता. "आई, एकटी किती दिवस काढणार? आता आमच्याकडेच ये की."

एवढंच म्हणाला तो. पण बाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं जिवाला बांधून ठेवलं. आठवड्याभरात मालकीणबाईंना सांगून टाकलं, महिनाअखेर खोली सोडते. मालकीणबाईंनी लगेच भाचीला कळवलं, खोली मिळतेय, राहायला ये. झाडांच्या कुंड्या दवाखान्यातल्या नर्सनं नेल्या, कपाट वरच्या मजल्यावर गेलं. घरात उरल्या दोन पिशव्या आणि एक गुंडाळलेली गादी. भिंतीवर कपाटामागचा चौकोन तेवढा नवा कोरा राहिला होता.

मुलाला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यानंही तो विषय पुन्हा काढला नव्हता. मग फोन आला, "चार दिवस सगळे सहलीला जाऊ. निवांत बोलू." हॅलोबाईंनी ओळखलं, हेच ते. तो म्हणेल, आई, मग कधी येतेस? आणि आपण म्हणायचं, अरे वेड्या, खोली सोडलीसुद्धा! मग सगळे हसतील. स्वतःच्या हसण्याची त्यांनी आरशासमोर तालीमही केली होती.

तीन दिवस झाले होते. उद्या निघायचं होतं. त्यानं अजून विचारलं नव्हतं.

बर्नरनं मोठा भडका सोडला, दोर सुटले, आणि टोपली जमिनीवरून अशी उचलली गेली की जणू कुणी झोपलेलं मूल उचललं. आवाज नाही, धक्का नाही. नात ओरडत होती, "आजी, तू लहान होतेयस!"

"बसा मावशी," गाडीवाला म्हणाला. तोंडात काडी, डोक्याला रुमाल. "आणि घट्ट धरा. हा रस्ता मी नाही बांधलेला."

गाडी सुटली ती खड्डे चुकवत नाही, शोधत सुटली. हॅलोबाईंचं डोकं दोनदा छताला लागलं.

"अहो, हळू! म्हातारी हाडं आहेत."

"हाडं कुठं? स्टील आहे म्हणाली ना तुमची नात? गाडीचंच काही मोडायला नको."

"तुमची जीभ बरी चालते."

"जीभच चालते, मावशी. बारा वर्षं फुग्यामागं पळतोय. बायको म्हणते, लोकांची डोकी ढगात आणि तुमचं बूड धुळीत."

"तुम्ही कधी वर गेलात की नाही?"

"एकदा. पाहुण्यांच्या टोपीत ओकलो. टोपी नवी होती."

हॅलोबाई खळखळून हसल्या. कितीतरी दिवसांनी कुणी त्यांच्याशी शब्द न जपता बोलत होतं. वर पाहिलं, तर फुगा उजळत चाललेल्या आभाळात एकटाच लोंबत होता, दिवसा विसरून राहिलेल्या दिव्यासारखा.

समोरचा वायरलेस खरखरला. पायलटचा आवाज आला, वारा पूर्वेला वळतोय, तळ्याच्या अलीकडे उतरू. मग बोलणं संपलं, पण खरखर संपली नाही. गाडीवाल्यानं दोन-तीनदा 'हॅलो, हॅलो' केलं आणि हातातला माइक ठेवून दिला.

"त्यांचं बटन अडकलं बघा परत. आता तिकडचं सगळं इकडे येणार आणि इकडचं काही तिकडे जाणार नाही."

आलंच. आधी नातीचा आवाज, अगदी कानाशी. "बाबा, आजी कुठंय?"

"ती बघ. ती गाडी, मुंगीएवढी."

हॅलोबाई खिडकीतून हात हलवणार, तेवढ्यात सुनेचा आवाज आला. दबका, पण स्पष्ट.

"आईंना कधी सांगणार आहेस तू? उद्या निघायचं आपल्याला."

बर्नरचा भडका. सगळे शब्द जळून गेले. भडका थांबला तेव्हा मुलगा बोलत होता.

"...सांगतो गं. तिला वाटत असेल की आपण..."

पुन्हा भडका.

हॅलोबाईंचा हात आपोआप पुढे गेला. कळ वर करायला. पण तिथं कळ नव्हती, गाडीवाल्याचा वायरलेस होता.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या.

"बंद कसं करू? बटन सुटलं की ते उतरायची जागा सांगतील."

"मग आवाज कमी करा."

"कमी केला तरी येणारच की ऐकू. ऐका की मावशी, तुमचीच तर माणसं. फुकटचा रेडिओ."

"गाडी थांबवा."

"अहो, मावशी..."

"थांबवा म्हणते ना."

गाडी थांबली. हॅलोबाई दाराला धरून एकेक पाय खाली टेकत उतरल्या आणि रस्ता सोडून कापणी झालेल्या रानात चालू लागल्या. खुंट पोटऱ्यांना टोचत होते. मागे खरखर होती, तिच्यात मुलाचा आवाज होता. थांबलं तर कळेल. वळलं तर कळेल. पाच पावलं मागं गेलं तर उरलेल्या आयुष्याचा पत्ता कळेल.

असं एकदा झालं होतं. नोकरीला दुसरंच वर्ष. बोर्डावर लाल दिवा लागला, त्यांनी दोरी जोडली आणि पलीकडून वडिलांचा आवाज आला. वडील मुलाकडच्या मंडळींशी बोलत होते, आणि मुलगी म्हणजे त्या स्वतः. हो म्हणतात की नाही? हात कळीवर होता. शेजारची मैत्रीण कोपरानं ढोसत होती, ऐक, ऐक ना, वेडे! त्यांनी कळ वर केली. तीन मिनिटं तो दिवा समोर जळत राहिला. तीन मिनिटं त्यांच्या जन्माचं ठरत होतं आणि त्या बाहेर बसल्या होत्या, स्वतःच्याच दारात. घरी गेल्यावर आईनं सांगितलं तेव्हा कुठं त्यांना कळलं आणि लाजायला मिळालं.

तेव्हा वीस वर्षांचं मन होतं. आज मात्र मागं वळावंसं वाटत होतं. तरी त्या चालत राहिल्या, खरखर ऐकू येईनाशी होईपर्यंत. मग वाऱ्याचाच काय तो आवाज उरला.

फुगा सूर्याच्या आड आला. त्याची सावली रानावरून सरकत आली, खुंटांवरून, बांधावरून, आणि त्यांच्या अंगावरून गेली. क्षणभर गार वाटलं. त्या सावलीत मुलगाही असणार, सूनही, नातही. हॅलोबाईंनी हात वर केला. वरून कुणी पाहत असलं तरी रानात उभी बाई त्यांना कशी दिसणार? ती त्यांच्या लेखी गाडीत होती. सावली पुढे गेली आणि पुन्हा ऊन पडलं.

गाडीवाला त्यांना न्यायला आला. हॉर्न मारून बोलवेल असं त्यांना वाटलं होतं. तो चालत आला. तोंडातली काडी नव्हती.

"चला. बटन सुटलं त्यांचं. तळ्याअलीकडे उतरतायत," तो म्हणाला. आणि मग, "हात द्या. इथं उंदरांची बिळं आहेत."

गाडीपाशी आल्यावर त्यानं दार उघडलं. अंगातलं जॅकेट काढलं, घडी केली, सीटवर ठेवली. "सीट टणक आहे," म्हणाला. गाडी सुरू झाली आणि पहिल्या खड्ड्याशी थांबल्यासारखी झाली. दुसऱ्याला वळसा घालून गेली.

"अशानं फुगा निघून जायचा तुमचा," हॅलोबाई म्हणाल्या.

"जाऊ दे. सापडेल."

"मघाशी तर तोंडाला खळ नव्हता. बोला की काहीतरी."

गाडीवाल्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "काय बोलू, आई," तो म्हणाला.

हॅलोबाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले. चांगली बातमी ऐकलेला माणूस अशी गाडी चालवत नाही.

ते पोचले तेव्हा फुगा जमिनीवर आडवा झाला होता आणि हळूहळू पोट आत ओढत होता. नात धावत आली. "आजी, सगळ्यांनी हवा काढायचीय! त्याच्यावर लोळायचं असतं, पायलटकाका म्हणाले!"

मंडळी कापडाच्या दोन्ही कडांना बसून हवा तोंडाकडून शेंड्याकडे लोटत होती. मुलगा उठून आईपाशी आला. केस वाऱ्यानं उडाले होते. लहानपणी सायकलवरून आल्यावर असाच दिसायचा.

"मजा आली रे?"

"हो. आई, तुझ्याशी जरा बोलायचं होतं. म्हणजे आत्ताच असं नाही..."

"मलाही बोलायचंय. आधी मी बोलते." त्यांनी त्याच्या शर्टाला चिकटलेलं कुसळ काढलं. "तू मागं म्हणाला होतास ना, तुमच्याकडे राहायला ये म्हणून? ते नाही जमायचं रे मला. मालकीणबाई सोडायला तयार नाहीत. आणि मलाही माझी खोलीच बरी. रागावू नकोस."

पूर्वी परदेशातून ट्रंक कॉल आला की प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक पोकळी पडायची. आवाज जितका लांबून येणार, तितकी ती मोठी. त्या पोकळीवरून हॅलोबाई डोळे मिटून अंतर सांगायच्या, आणि बोर्डावरच्या बायका टाळ्या पिटायच्या.

"अगं, पण..." मुलगा म्हणाला.

'अगं, पण' आलं. लांबून आलं.

त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते पाहायला नको म्हणून त्यांनी नातीकडे पाहिलं. सून थोड्या अंतरावर दोर गुंडाळत होती. तिनं ऐकलं होतं. तिनं मान खाली घातली आणि गुंडाळलेला दोर उलगडून पुन्हा गुंडाळायला घेतला.

"पण आई, तुला काही लागलं तर..."

"तर फोन आहे की. फोनवर माझं कधी अडलंय? जा, ती कड धर. वाऱ्यानं उलटतेय बघ."

तो गेला. जाताना त्याचं पाऊल हलकं पडत होतं, आणि ते त्याला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मालकीणबाईंना फोन करायला हवा. भाचीचं सामान अजून आलं नसेल तर विनवता येईल. आलं असेल तर... ते संध्याकाळी बघू.

गुडघे टेकणं शक्य नव्हतं, म्हणून हॅलोबाई सरळ कापडावरच बसल्या, पाय लांब करून. नात शेजारी लोळत होती. पिवळ्या, केशरी पट्ट्यांखाली हवा अजून होती, हाताखालून निसटून दुसरीकडे फुगत होती. कापड कोमट होतं. त्यांनी दोन्ही तळवे टेकले आणि पुढे लोटायला सुरुवात केली.