तबकडीतली सवाशीण

मुक्ताबाईला चंपाच्या लग्नाच्या अक्षता आल्या, पण घाण्याचं बोलावणं आलं नाही.

लग्नाआधी पाच सवाशिणी जात्याला हळकुंड बांधतात, हळद दळतात आणि दळता दळता ओव्या म्हणतात, त्याला घाणा भरणं म्हणायचं. भाजे गावात कित्येक वर्षं या ओव्या उचलायच्या त्या मुक्ताबाईनंच. तिनं पहिली ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. सत्तावन्न सालच्या पौषात तिचा धनी तापानं गेला, कपाळाचं कुंकू गेलं, आणि कुंकू नसलेल्या बाईनं हळदीला गाणं उचलायचं नसतं. हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आजवर दोघीतिघींना तिनंच पुढून उठवून मागं बसवलं होतं.

गावात गाणाऱ्या आणखी होत्या. एकीला ओव्या पाठ होत्या, पण गळा नव्हता. दुसरीला गळा होता, पण ऐन वेळेला तिला स्वतःच्याच लग्नातलं काहीबाही आठवायचं आणि रडू यायचं. चंपाची आई धोंडाबाई विचारात पडली होती. तेवढ्यात तिचा धाकटा दीर महिपती खंडाळ्याहून फोनो घेऊन आला.

महिपती तिथल्या एका बंगल्यावर माळी होता. बंगल्यातला साहेब बिऱ्हाड आवरून आपल्या मुलखाला गेला आणि जाताना चावीचा फोनो महिपतीला देऊन गेला. सोबत एक अल्बमही दिला. अल्बम म्हणजे जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, पण पानांच्या जागी पाकिटं आणि पाकिटांत चार काळ्या तबकड्या. पुठ्ठ्यावर गाणाऱ्या बाईचा फोटो होता. केसांत मोठं फूल, कानांत परातीएवढी डुलं आणि दोन्ही खांदे उघडे. महिपतीला त्यातला ‘अल्बम’ हा शब्द फार आवडला होता. तो त्याला आल्बम म्हणे आणि कुणाला हात लावू देत नसे.

“वैनी, घाण्याची काळजी सोडा,” तो म्हणाला. “ही बाई गाईल. हिला नुसती च्याबी लागती.”

दुपारची जेवणं झाल्यावर दत्तोबाच्या ओसरीवर फोनो मांडला आणि बाईची परीक्षा सुरू झाली.

दत्तोबानं, म्हणजे नवरीच्या बापानं, पहिली बाजू शेवटपर्यंत ऐकून “वाजतंय” एवढंच मत दिलं. पुढच्या सात बाजूंनी त्यात काही फरक पडला नाही.

भिकाजी मळवली स्टेशनात पॉइंटमन होता. गाणं इंग्रजी आहे, असं तो म्हणाला. महिपतीनं साहेबाचा हवाला देऊन सांगितलं की इंग्रजी नाही, बाई मेक्सिको नावाच्या मुलखातली आहे. हे गाव घाटावर की घाटाखाली, एवढंच धोंडाबाईनं विचारलं. महिपती म्हणाला, घाटाखाली, आणि मग समुद्राच्या पल्याड. म्हणजे कोकणच, असं धोंडाबाईनं मनात धरलं आणि तिला जरा बरं वाटलं.

भजनात मृदंग वाजवणाऱ्या हौशीरामाला ताल पटला, पण तालाचं पळणं पटलं नाही. मागं कुणी लागल्यासारखी बाई धावते, असं त्याचं म्हणणं. पाचव्या बाजूवर मधेच चारदोन पुरुष लांबून हाळी देतात, ती बाजू मात्र त्याला फार आवडली. ते गाणं गुरं वळायचं आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका राहिली नाही.

वरच्या वाडीची कमळाबाई मोळी टाकायला आली होती. ती मोळी न सोडता दारातच उभी राहून ऐकत होती. तिनं मत विचारायची वाट पाहिली नाही.

“गाणं कसलं गं, आडली हाय ती,” ती म्हणाली. “पयलटकरीण हाय. आय आय करतीय तरी तुमी बसून ऐकताय.”

पुढच्या बाजूला तुताऱ्यांसारखं काहीतरी जोरात वाजलं, तेव्हा तिनं “सुटली बाई एकदाची” असं म्हटलं आणि मोळी घेऊन परसात गेली.

कमळाबाईनं ऐकलेलं ते ‘आय’ सगळ्यांनीच ऐकलं होतं. आठ बाजूंतल्या त्या एका बाजूवरचे दोनच शब्द भाज्याच्या ओळखीचे निघाले. बाई लांबवून म्हणायची ‘आय’, मग हळूच ‘मी’, आणि मग एक असा शब्द, की तो कुणाच्या कानाला धरता येईना. तिथं आवाज खाली बसायचा आणि बराच वेळ नुसत्या तारा वाजायच्या. आय, मी मरते, असं भिकाजीला ऐकू आलं. आय, मी येते, असं हौशीरामाला. धोंडाबाईला स्वच्छ ऐकू आलं की आय, मी जाते. चंपा तेव्हा आत तांदूळ पाखडत होती.

एवढ्यावर परीक्षा संपायची, पण धोंडाबाईनं आल्बम उन्हाकडे धरून नीट पाहिला आणि म्हणाली, “हिच्या कपाळाला कुंकू न्हाई.”

भिकाजीनं समजावलं की तिकडच्या बायका नवरा धडधाकट असला तरी कुंकू लावत नाहीत, त्यानं गाडीच्या पहिल्या वर्गातून अशा कितीतरी उतरताना पाहिल्या आहेत. धोंडाबाईनं विचारलं, मग त्यांतली विधवा कोणती हे तू कसं ओळखलंस? हौशीरामानं सुचवलं की तबकडीला नवरा नसतो, त्यामुळे ती विधवाही होत नाही. धोंडाबाई म्हणाली, तबकडीला नसेल, बाईला असेल. माझ्या लेकीच्या हळदीला काय अन् कुणाच्या तोंडचं येतंय ते मला कळायला हवं.

बायकांच्या गळ्यातलं कळणारी गावात एकच होती. तिला बोलावणं गेलं.

मुक्ताबाई आली ती ओसरीच्या कडेला टेकून बसली. आपल्या जागी कोण येतंय ते आपल्यालाच पारखायला लावलंय, हे तिला येताना वाटेतच उमगलं होतं. तिनं वाईट तोंड केलं नाही. तिनं आल्बमावरची बाई पाहिली, फूल पाहिलं, आणि म्हणाली, “लाव.”

महिपतीनं चावी भरली, सुई टेकवली.

बाई म्हणाली, आय. बाई म्हणाली, मी. मग तो शब्द आला. तो मुक्ताबाईलाही कळला नाही, पण ते कुणाचं तरी नाव असावं, असं तिला वाटलं. नवरा जिवंत असतो तेव्हा बाई उखाण्यात त्याचं नाव उचलून घेते. गेलेल्याचं नाव ओठावर आलं तर ती ते खाली ठेवते, भरली घागर ठेवावी तसं, हळू, सांडू नये म्हणून. ही बाई नाव खाली ठेवत होती. पौषापासून मुक्ताबाई रोज तेच करत होती. हे मुक्ताबाईचं मत. बाकीच्यांच्या मतांना जेवढा आधार होता तेवढाच यालाही होता.

नाव खाली ठेवून बाई गप्प झाली आणि नुसत्या तारा वाजू लागल्या. कुणीतरी ओळ उचललीय आणि ती झेलायला कुणी नाही, असं मुक्ताबाईच्या गळ्यानं आयुष्यात कधी होऊ दिलं नव्हतं. तिच्या मनाला कळायच्या आधी गळ्यानं झेललं:

“आय, मी लेक तुझी, उंबऱ्याची गं चिमणी,
दाणं टिपलं तुझ्या दारी, पाणी पिते परअंगणी.”

तारा संपल्या आणि तबकडीतली बाई बरोबर तिथंच पुन्हा ‘आय’ म्हणाली. हौशीरामाचा हात आपोआप मांडीवर पडला. आत चंपाचं सूप थांबलं.

धोंडाबाई एकटक बघत होती. दोघी एकाच साली नवऱ्या होऊन या गावात आल्या होत्या.

“मुक्ते, तू गायलीस?”

“झेललं. उचललं न्हाई.”

धोंडाबाईनं यावर विचार केला. गाणं सवाशिणीनं उचलायचं, हे तिच्या आजेसासूपासून चालत आलेलं होतं. झेलायचं कुणी, याबद्दल कुणी काही बोलून गेलेलं तिला आठवेना. तिनं दत्तोबाकडं पाहिलं. दत्तोबा म्हणाला, वाजतंय की.

“पण मग उचलणारी सवाशीण पायजे,” धोंडाबाई म्हणाली. “ही हाय का?”

आता ओसरीवरच्या सगळ्यांचंच मत फिरलं होतं. बाईला नवरा असलाच पाहिजे, असं भिकाजीला एकाएकी वाटू लागलं. हौशीरामाच्या मते तर मधे हाळी देणाऱ्यांतला एक तिचा नवराच. पण निकाल मुक्ताबाईनं द्यायचा होता, आणि सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

खरं सांगितलं तर फोनो खंडाळ्याला परत जाणार, आणि घाणा मुका भरला जाणार. मुक्ताबाईनं पुठ्ठ्यावरच्या बाईकडं पाहिलं. आपल्याविषयी कुणी काही सांगावं, अशी त्या बाईचीही इच्छा दिसत नव्हती.

“सवाशीण हाय,” मुक्ताबाई म्हणाली.

“कशावरनं?”

“गळ्यावरनं.”

धोंडाबाईनं आल्बम पुन्हा उन्हाकडं धरला. “गळा तर मोकळा हाय गं हिचा. काळा मनीसुद्धा न्हाई.”

“फोटूतला न्हाई. गाण्यातला.”

ते धोंडाबाईला मान्य झालं.

घाण्याच्या दिवशी सकाळी मांडवात जातं धुऊन मांडलं, खुंट्याला हळकुंड बांधलं. चार सवाशिणी बसल्या. पाचवी म्हणून आल्बमातल्या बाईला धरावं का, यावर थोडी चर्चा झाली, पण तिचा हात जात्याला लागणार नव्हता, म्हणून शेजारची सून बोलावली. तरीही धोंडाबाईनं आल्बम पाटावर उभा केला, पुठ्ठ्यावरच्या कपाळाला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि पुढं खण-नारळ ठेवला. आल्बमाला डाग पडला, म्हणून महिपतीचं तोंड उतरलं. मुक्ताबाईसाठी मांडवाच्या बाहेर, पडवीच्या खांबाशी, गोणपाट टाकलं होतं. तिथं बसून तिनं पदर सावरला.

जातं फिरू लागलं. तबकडीतल्या बाईनं उचललं, मुक्ताबाईनं झेललं, आणि तिचं झेललेलं सवाशिणींनी झेललं. पळणारा ताल जात्याला जुळेना, तेव्हा महिपतीनं कसलासा खटका सरकवून तबकडी मंद केली. बाईचा आवाज जाड झाला. तो तसा जास्त शोभला, असं बायकांचं मत पडलं. चिमणीची ओवी झाली, मामाची झाली, वाटेवरच्या करवंदीची झाली. मग बाईनं पुन्हा ‘आय, मी’ म्हटलं, ते नाव खाली ठेवलं, आणि मुक्ताबाईनं खांबाला टेकून डोळे मिटले:

“आय, मी एकलीच दोघांचं गं जातं ओढी,
एक हात माझा बाई, दुसऱ्या हाताची गं खोडी.”

सवाशिणींनी झेललं. शेजारची सून हसली सुद्धा, कारण दुसऱ्या हाताची खोडी म्हणजे तिला काहीतरी वेगळंच वाटलं. दुसरा हात गेला आणि त्याची सवय तेवढी राहिली, हे धोंडाबाईला मात्र उमगलं, आणि जात्यात हळद टाकता टाकता तिचा हात हवेत राहिला. तिनं पाटावरच्या बाईकडं पाहिलं. मग पडवीच्या खांबाकडं पाहिलं. परत पाटाकडं पाहिलं. कुंकू पुठ्ठ्यावरून ओघळून फुलापर्यंत आलं होतं.

मुक्ताबाईनं डोळे उघडले. धोंडाबाई आपल्याकडंच बघते आहे हे तिला दिसलं. जातं थांबलं. तबकडीची चावी संपत आली होती. बाई खोल विहिरीत उतरल्यासारखी गात होती.

महिपती पुढं झाला. “थांबा, दुसरी बाजू लावतो. हाळीची.”

“नको,” धोंडाबाई म्हणाली.

“आठ बाजू हायत, वैनी.”

“हीच ऱ्हाऊ दे.” तिनं मुठीतली हळद जात्यात सोडली. “तिला झेलणारं माणूस मिळालंय. च्याबी भर.”

महिपतीनं चावी भरली. त्या सकाळी ती एकच बाजू वाजत राहिली, हळद संपेपर्यंत. आल्बमातल्या चांगल्या बाजू राहूनच गेल्या, असं महिपतीचं मत पडलं.