आळीचं पहिलं घर

चिकूच्या वाडीची मालकीण चिक्कूच असायची, असं म्हणून आळीतली पोरं खिदळायची आणि अंबूबाईला ते ऐकू यायचं. यायचं म्हणजे काय, ओट्यावर ती कान टवकारूनच बसलेली असायची. सत्तरी उलटलेली बाई. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, दोन्ही मुली आपापल्या घरी सुखी. वाडी ती एकटी सांभाळायची आणि झाडाखाली गळून पडलेला चिकूसुद्धा पदराला पुसून टोपलीत टाकायची. तिच्या घरचा चहा एवढासा असायचा, की पाहुण्याने आधी कपात डोकावून बघावं, आहे का म्हणून.

पण कंजूस म्हणा नाहीतर काही म्हणा, एक मान तिचा होता. डहाणूच्या किनाऱ्याकडची ही आळी मोठ्या रस्त्यापाशी सुरू होते आणि खाडीपाशी संपते. रस्त्याकडचं पहिलं घर अंबूबाईचं, खाडीकडचं शेवटचं रूपीचं. गणपतीची वर्गणी असो की कुणाच्या आजारपणातली मदत, आळीत काहीही गोळा करायचं तर सुरुवात पहिल्या घरापासून व्हायची. तिथे काय मिळालं ते पुढच्या प्रत्येक दारात सांगायचं आणि मग ज्याने त्याने आपलं ठरवायचं. ही रीत अंबूबाईच्या सासूच्याही आधीची.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला तलासरी आणि सायवनकडची जमीन हलायला लागली. एकदा हलून गप्प बसली असती तर माणसं विसरलीही असती. पण ती रोज हलायची. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवसातून चार वेळा. इकडे किनाऱ्यावर मांडणीतली भांडी नुसती किणकिणायची. तिकडे डोंगरातल्या पाड्यांवर भिंतींना तडे गेले आणि लोक घराबाहेर झोपू लागले, तेही पौषाच्या थंडीत.

अंबूबाईला हे पेपरातून कळलं नाही. तिच्या वाडीत तीस वर्षं चिकू उतरवणारा चैत्या सायवनच्या पलीकडच्या पाड्यावरचा. हंगामात तो वाडीतच राहायचा आणि आठवड्यातून एकदा घरी जायचा. या खेपेला गेला तो आठ दिवस आलाच नाही. आला तेव्हा डोळे तांबारलेले, आवाज बसलेला.

"बाय, सगला पाडा अंगणात झोपतं," तो म्हणाला. "पन्नास घरं. दव असं पडतं की सकाळला केस पिळून घ्यावं. आमची रविना खोकून खोकून लाल झाली. तिची आय चिमी तिला पोटाशी धरून बसते, पन पांघरून एक नि माणसं सहा."

रविना म्हणजे त्याची नात, पाच वर्षांची. मागच्या हंगामात ती आजोबांबरोबर आली होती आणि तिने अंबूबाईला विचारलं होतं, "आजी, तुझे दात कुठे गेले?" आळीत असं विचारायची कुणाची छाती नव्हती. अंबूबाईने त्या दिवशी तिला दोन चिकू दिले होते, आणि तेही न गळलेले.

चैत्या गेला तशी अंबूबाईने देवेशला बोलावून घेतलं. देवेश तिच्या दिराचा मुलगा, शाळेत मास्तर, आणि आळीतली सगळी गोळाबेरीज त्याच्याकडेच. "पाड्यासाठी पांघरुणं गोळा करा," ती म्हणाली. "रविवारी टेम्पो जाऊ दे." देवेशने लगेच मान डोलावली.

शुक्रवारी संध्याकाळी अंबूबाई धुवट लुगडं नेसून ओट्यावर बसली. पोरांचा घोळका येताना दिसला. जवळ आला. आणि तिच्या दारावरून सरळ पुढे गेला! देवेशने तर मान दुसरीकडे वळवली, जसं काही समोरच्या भिंतीवर फार महत्त्वाचं काही लिहिलं होतं.

घोळका थांबला तो आळीच्या मध्यावर, नविनच्या बंगल्यापाशी. नविनचं वापीला दुकान, हात सैल, मन मोठं. त्याने वीस नवी कोरी ब्लँकेटं काढून दिली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, फोटो ग्रुपवर गेले. शेजारच्या ओंकारने मग पंधरा जाहीर केली. न करून सांगतो कुणाला?

अंबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. सासू वारली त्या वर्षीसुद्धा सुतकातून उठल्यावर लोक आधी हिच्या दारात आले होते. आत जाऊन तिने चहाचं भांडं असं आपटलं, की शेजारच्या मयूरीला वाटलं धरणीकंप झाला आणि ती पोर काखेत मारून अंगणात पळाली.

दुसऱ्या दिवशी देवेश आला तो पडेल चेहऱ्याने.

"आलास? दार सापडलं का माझं?"

"काकी, रागावू नकोस. पोरं म्हणाली, तुझ्यापासून सुरुवात केली तर तू एखादं फाटकं काहीतरी देशील आणि मग सगळी आळी तेवढंच देईल. म्हटलं, नविनभाईंपासून केली तर आकडा मोठा लागेल."

"मग? लागला?"

देवेशने डोकं खाजवलं. "नविनभाईंची वीस, ओंकारची पंधरा, त्याच्या पलीकडून पाच. झालं. पुढे दारंच उघडली नाहीत. कोणी म्हणे वाणगावला गेलेत, कोणी म्हणे झोपलेत. संध्याकाळी सहाला! रूपी तर आतून कडी लावून बसलेली, मला खिडकीतून दिसली. माणसं इतकी कोत्या मनाची असतील असं वाटलं नव्हतं."

चाळीस पांघरुणं आणि पाड्यावर पन्नास घरांतली तीनशे माणसं. अंबूबाईला बरं वाटायला हवं होतं, जिरली म्हणून. वाटलंही, खोटं कशाला बोला. पण घटकाभरच. मग तिला पोटाशी धरलेली रविना दिसायला लागली आणि तो आनंद कुठल्या कुठे गेला.

दुपारी रूपी वाडीत आली. ती वाणगावच्या बाजारात भाजी विकायची आणि अंबूबाईकडून मिरच्या, अळू न्यायची. एरवी तोंडाचा पट्टा चालू असायचा. आज खाली मान घालून मिरच्या तोडत होती.

"काय गं, काल कडी लावून बसलीस म्हणे?"

रूपीच्या हातातली मिरची खाली पडली. "काकी, तुम्ही तरी असं बोलू नका. मी गोधडी काढून ठेवलेली. धुतलेली, घडी घातलेली. आपलं काय ते एक देऊ म्हटलं. तेवढ्यात पोराने मोबाईलवर फोटो दाखवला. वीस ब्लँकेटं, प्लास्टिकमधली! त्याच्यापुढे माझी ठिगळाची एक गोधडी कुठे धरू? माणसं म्हणतील, हे काय आणलं. घातली परत पेटीत, नि लावली कडी."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं पण तेच असणार. नविनभाई चांगलेच आहेत हो. पण त्यांच्या नंतर हात पुढे करायला लाज वाटते."

अंबूबाई तिथेच बांधावर बसली. तिला सासू आठवली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्गणीला तिने नव्या सुनेचा तोरा दाखवायला मोठी परात भरून तांदूळ काढले होते. सासूने परात काढून घेतली आणि शेरभर तांदूळ ठेवले. म्हणाली, "आपलं घर पहिलं आहे. देताना शेवटच्या घराकडे बघायचं. त्याला देता येईल एवढंच आपण द्यायचं, उरलेलं मागल्या दाराने पाठवायचं." सासूचं थोडं द्यायचं तेवढं अंबूबाईने अगदी मनापासून पाळलं होतं. मागल्या दाराचं मात्र गेल्या कित्येक वर्षांत जरा राहूनच गेलं होतं, हे तिला आता बांधावर बसल्या बसल्या आठवलं आणि ती मनातल्या मनात चांगलीच ओशाळली.

"ऊठ," ती रूपीला म्हणाली. "पेटीतली गोधडी बाहेर काढून ठेव."

घरी येऊन तिने देवेशला फर्मान सोडलं, "आज परत फिरायचं. माझ्या दारापासून. रीतीप्रमाणे."

संध्याकाळी पोरं आली, तोंडं वाकडी करून. अंबूबाई आत गेली. माळ्यावरची जुनी गोधडी तिने आधी काढली, एका टोकाला उंदराने खाल्लेली. उजेडात धरून बघितली. 'एकच द्यायची आणि तीही असली?' असं म्हणत तिने ती परत वर टाकली, आणि स्वतःच्या अंथरुणातली उचलली. सासूच्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची, जड आणि उबदार. देताना जीव तुटला तिचा. पण दिली.

"एक?" देवेश म्हणाला.

"एक. आणि प्रत्येक दारात मोठ्याने सांगायचं. अंबूबाईने एक गोधडी दिली. नविनचं नाव काढायचं नाही."

"काकी, लोक हसतील गं."

"हसू देत. हसताना दार उघडतात माणसं."

आणि अगदी तसंच झालं. मयूरीच्या दारात देवेशने ओशाळवाणं सांगितलं, अंबूबाईने एक गोधडी दिली. मयूरी खो खो हसली. "एवढी वाडी, आणि एक? थांबा, आमच्या दोन घ्या!" तिच्या पुढच्या घराने दोन आणि एक शाल दिली. अंबूबाईच्या वरताण करायची संधी आळीला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती, ती कोण सोडतो? म्हातारीने एक दिली, आमच्या तीन लिहा! काल वाणगावला गेलेले सगळे आज घरी होते. ज्याच्याकडे दोन नव्हत्या तो एक द्यायचा आणि वर ताठ मानेने म्हणायचा, "वाडीवालीने एक दिली, आमचीही एक."

नविनने हे सगळं ओट्यावरून बघितलं. काल देऊन झालेलंच होतं, तरी तो आत गेला आणि एक गोधडी घेऊन आला. "कालची विकतची होती," तो म्हणाला. "ही आईने शिवलेली. ही पण जाऊ दे."

खाडीकडच्या शेवटच्या दारात रूपी आधीपासूनच उभी होती. हातात गोधडी, लाल-हिरव्या ठिगळांची. देवेशने तोंड उघडायच्या आत तिने ती त्याच्या हातात ठेवली, दारोदार दाखवायला धरलेल्या अंबूबाईच्या गोधडीवर. "अंबूकाकीची एक, माझी एक," ती म्हणाली. "बरोबरी झाली की नाही?"

"झाली," देवेश म्हणाला. त्या रात्रीपासून त्याने 'कोत्या मनाची माणसं' हा शब्दप्रयोग बंद केला.

रविवारी सकाळी टेम्पो चारोटीच्या बाजूने कासा करून सायवनकडे गेला. एकशे सत्तावीस गोधड्या, चाळीस ब्लँकेटं. आणि सगळ्यात खाली, कोणाला न सांगता, अंबूबाईच्या चिकूच्या खळ्यावरच्या चार मोठ्या ताडपत्र्या. त्या तिने पहाटे मागल्या दाराने ड्रायव्हरकडे दिल्या होत्या. "कोणी विचारलं तर माझं नाव घेशील तर बघ," असा दम भरून.

दहा दिवसांनी चैत्या परत कामावर आला. जमिनीचं हलणं थांबलं नव्हतं, पण थोडं कमी झालं होतं. रविनाचा खोकला गेला होता. चैत्याच्या खांद्यावर अर्धं पोतं होतं. ते त्याने ओट्यावर उतरवलं.

"हे काय?"

"नागली, बाय. पाड्याने दिली. आळीला."

अंबूबाई उखडलीच. "अरे वेड्या, तुम्ही उघड्यावर झोपता आणि आम्हाला नागली पाठवता? अक्कल आहे का?"

"घर हलतं बाय, नागली कुठं हलते?" चैत्या हसला. "तुमी दिलं, मंग आमाला बी द्यावासा वाटला. सगल्या घरांनी घातली."

"पहिली कोणी घातली?"

"मीच. पाड्यात माझं घर पहिलं."

"किती?"

चैत्याने मूठ पुढे केली.

"एवढीशी? तुझी तर यंदा तीन पोती पिकली ना रे!"

"मी टोपली घातली असती तर म्हातारी बुधीबाय काय घालती?" तो म्हणाला. "तिच्याकडे मूठच हाय."

इतकी वर्षं अंबूबाईला वाटत होतं, ही अक्कल आपल्या सासूचीच. आणि हा माणूस तीस वर्षं तिच्या झाडांवर चढत होता, तिने त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं, की तिने आत जाऊन त्याच्यासाठी चहा केला. कप काठोकाठ भरून.

मग तिने देवेशला हाक मारली. "ही नागली घरोघर वाटून ये. आणि हे बघ, माझ्या दारावरून पुढे जायचं. सुरुवात रूपीच्या घरापासून करायची."

देवेश घाबरला. "काकी, अजून राग आहे का गं?"

"द्यायला पहिलं घर माझं. घ्यायला शेवटच्या घराने आधी घ्यावं. जा."

तो खाडीपासून वाटत वाटत वर आला. आळी मोठी, पोतं अर्धं. अंबूबाईच्या ओट्याशी पोचला तेव्हा त्याने पोतं उलटं करून झटकलं आणि तिच्यापुढे हात केला. त्यात जेमतेम मूठभर नागली होती.

"काकी, एवढीच उरली."

अंबूबाईने ती पदरात घेतली. "भाकरी होईल एक," ती म्हणाली, आणि आपल्याला कमी मिळालं म्हणून जन्मात पहिल्यांदाच भांडली नाही.